सगुणाबाईचा अतिदुर्मिळ दगड

मुलांनो, एका जंगलातून वाळकी नावाची नदी वाहायची. नाव वाळकी, पण उन्हाळ्यातही तिला पाणी असे. कारण तिच्या वळणावर गोट्यांचा जाड थर होता. हे गोटे पाणी अडवून धरत. गोट्यांमागे डोह होता. डोहात मासे, गोट्यांखाली खेकडे, आणि या सगळ्यांना खायला सगुणाबाई.

सगुणाबाई जातीनं पाणमांजर. घरात नवरा शिदोबा आणि दोन पोरं. सकाळी पोटभर खेकडे खायचे आणि मग उताणं पडून पोटावर गोटा खेळवायचा, ही त्या घरची रीत. पाणमांजरांना दगडांचं वेड असतं. का असतं ते मला विचारू नका. तुम्हाला तरी बाटल्यांची झाकणं कशाला लागतात?

सगुणाबाईकडे एक खास गोटा होता. मुठीएवढा, बाहेरून बटाट्यासारखा खरबरीत. पण एका बाजूनं नदीनं त्याची साल घासून काढली होती. तिथून आत डोकावलं की हिरवंगार रान दिसे. झाडं, झुडपं आणि मधे पातळ धुकं. सगुणाबाई तो काखेत धरून झोपायची. त्याची किंमत काय, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. शिदोबाची किंमत काय, हाही पडला नव्हता.

एके दिवशी धनेशपंत नदीवर आले. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. हे पंत नुकतेच दूरच्या जंगलातल्या दगडांच्या प्रदर्शनाला जाऊन आले होते. जाताना ते साधे धनेश होते. येताना रत्नपारखी होऊन आले.

"हा रफ कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"रफ कसला? या बाजूनं चांगला गुळगुळीत आहे," सगुणाबाई म्हणाली.

"न कापलेल्या दगडाला रफ म्हणतात, बाई."

पंतांनी गोटा उन्हात धरला. चोचीनं ठक् ठक् वाजवला. मग नाक मुरडलं.

"ओला आहे. ओला दगड कुणाचाही चांगलाच दिसतो. कोरडा करून दाखवा."

सगुणाबाईनं गोटा पोटावर पुसला. पण तिचं पोटही ओलंच होतं. शेवटी भेकरवहिनींच्या पाठीवर घासून तो कोरडा केला. भेकर म्हणजे लहानसं हरीण. भेकरवहिनी शेजारच्याच. त्यांना कुणी काही विचारत नसे.

पंतांनी गारगोटीच्या टोकानं दगडावर ओरखडा काढून पाहिला. उमटला नाही. डोळा बारीक करून ते म्हणाले, "शेवाळी अकीक. अस्सल."

सगुणाबाईच्या मिशा फुलल्या. तिच्या दगडाला नाव होतं!

"आणि असे इथे किती आहेत?"

"पुष्कळ! नदीभर पडलेत," ती अभिमानानं म्हणाली.

पंतांचा चेहरा पडला. "मग काय उपयोग? सामान्य."

एवढं बोलून पंत नदीतला तसाच एक गोटा नमुना म्हणून चोचीत धरून उडून गेले. सगुणाबाईनं दगडाकडे पाहिलं. रान तेच होतं, धुकं तेच होतं. पण आता ते सामान्य होतं. त्या दुपारी तिला खेकडा गोड लागला नाही.

"सामान्य तर सामान्य," शिदोबा म्हणाला. "मीही सामान्यच आहे. माझ्यावाचून अडतं ना तुझं?"

सगुणाबाई दगडच न्याहाळत राहिली. शिदोबाला ते जरा लागलं.

इकडे पंतांनी वाघमहाराजांचे कान भरले. दूरच्या जंगलात म्हणे एकेकाकडे असे दगड आहेत की बघायला दहा जंगलं लोटतात. वाघमहाराजांना ते सोसेना. त्यांनी दवंडी पिटवली : ज्याच्याकडे दुर्मिळ दगड, त्याला दरबारात पहिल्या रांगेत बसवू.

आता पहिली रांग म्हणजे काय, ते तुम्ही सगुणाबाईला विचारा. दरबारात तिची जागा गव्यांच्या मागे. आजवर तिनं एकदाही महाराजांचं तोंड पाहिलं नव्हतं. शेपट्या मात्र तिला तोंडपाठ होत्या.

ती धावत पंतांकडे गेली. "पंत, दगड दुर्मिळ कसा होतो?"

"तो होत नसतो. बाकीचे नसले, की तो आपोआप दुर्मिळ ठरतो."

सगुणाबाईनं मान डोलावली. तिला सगळं समजलं.

पण पंतांनी हे तिला एकटीलाच थोडंच सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी नदीवर ही गर्दी! रानडुक्कर आलं, गवे आले, माकडं आली. प्रत्येकानं आपला एक दगड बगलेत लपवला आणि उरलेले फोडायला घेतले. बाहेरून सगळेच गोटे बटाट्यासारखे. आत हिरवं आहे की नाही, ते फोडल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणून सगळेच फोडले. आत हिरवं निघालं तर त्याचा चुरा करायचा. नाही निघालं तर तो फुटलेलाच होता.

शिदोबा गोट्यांच्या थरावर आडवा पडला. "अहो, डोह कशानं थांबलाय ते तरी बघा! खेकडे कुठे राहायचे?"

"खेकडे सामान्य आहेत," माकडं म्हणाली.

सगुणाबाईनं नवऱ्याला पाय धरून बाजूला ओढलं. "चारचौघांत काय हा तमाशा? मी पहिल्या रांगेत बसले तर तुम्हीही माझ्या शेजारीच बसणार ना?"

"मला बसायचं नाही. मला पोहायचंय."

पंधरवड्यात नदीत खडी उरली. मग लोकांच्या लक्षात आलं, की नदीतले संपले तरी घराघरांतले आहेतच. तेव्हा जंगलात पाहुणचार एकदम वाढला. कधी उंबरा न ओलांडणारे गवे लोकांची खुशाली विचारत हिंडू लागले. रानडुक्कर तर प्रत्येकाकडे जाऊन म्हणे, "बघू हो तुमचा दगड! वा, काय सुंदर!" आणि मग त्याच्या हातून तो निसटे. नेमका खडकावर.

"अरेरे," रानडुक्कर म्हणे, "माझा हात जरा ओला होता."

सगुणाबाईनंही हे केलं. भेकरवहिनींकडे गेली, दगड हातात घेतला, आणि शिंकली. वहिनी रडायला लागल्या. सगुणाबाईनं त्यांची समजूत घातली, रानातली बोरं खाल्ली, आणि घरी आली. तिला वाईट वाटलं. बोरं आंबट होती.

शेवटी रानडुकराच्या दगडावर एक गवा बसला. तो सहज बसला की मुद्दाम, यावर पुढे महिनाभर वाद झाला. पण दगड गेला तो गेलाच. आता जंगलात शेवाळी अकीक एकच उरला. सगुणाबाईचा.

ती तो घेऊन पंतांकडे निघाली. वाटेत साळिंदरमामा भेटले. दगड कुरतडून कापण्यात त्यांचा हात, म्हणजे दात, कुणी धरत नसे.

"असाच नेणार?" मामा म्हणाले. "आत काय आहे ते कळल्याशिवाय पंत किंमत कशी करतील? स्लॅब पाडून ने."

"पाडायला आधी घातली कुठे? आम्ही बिळात राहतो."

"छपराची नाही गं! स्लॅब म्हणजे चकती."

सगुणाबाई घुटमळली. इतकी वर्षं काखेत झोपलेला दगड. पण पहिली रांग डोळ्यांपुढे आली आणि तिनं तो मामांपुढे ठेवला. मामांनी दात लावले. कर्र् कर्र् आवाज झाला तेव्हा तिनं कान मिटून घेतले. पाणमांजरांना कान मिटता येतात. तुम्हाला येत नाहीत, म्हणून तुम्हाला गोष्टी ऐकाव्या लागतात.

तीन चकत्या निघाल्या. तिन्हींत रान होतं. एकीत तर धुक्यामागे डोंगरसुद्धा दिसत होता.

"छान," मामा म्हणाले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण आता तीन झाल्या की गं."

दोघांनी चकत्या पुन्हा मोजल्या. तीन म्हणजे दुर्मिळ नव्हे, एवढं आता जंगलात पोराबाळांनाही कळत होतं. सगुणाबाईनं डोंगरवाली उचलून ठेवली. उरलेल्या दोन तिनं स्वतःच्या हातानं खडकावर आपटल्या. पहिली फुटताना तिनं डोळे मिटले. दुसरीच्या वेळी नाही.

घरी येऊन बघते तर बिळात कुणी नव्हतं. नदीत खडी होती, तीही पाण्याबरोबर वाहून चाललेली. डोह गुडघ्याएवढा उरला होता. गुडघा सगुणाबाईचा. भेकरवहिनींनी लांबूनच सांगितलं, "शिदोबाभावजी पोरांना घेऊन डोंगरापलीकडच्या ओढ्यावर गेले. इथे खायला काही नाही म्हणाले. तुमची वाट बघतो म्हणाले."

"उद्या दरबार आहे," सगुणाबाई म्हणाली. "तो झाला की जाईन."

दरबार भरला. सगुणाबाई उपाशीपोटी पहिल्या रांगेत जाऊन बसली. महाराजांचं तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं. ते जांभई देत होतं.

धनेशपंतांनी चकती उन्हात धरली. वाजवली. पुसली. पुन्हा उन्हात धरली.

"हे काय आहे?"

"शेवाळी अकीक," सगुणाबाई म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्हीच म्हणाला होतात!"

"तेव्हा नदीभर होते. याला त्याच्याशी, त्याला याच्याशी ताडून बघता येत होतं. आता ताडून बघायला दुसरा एक तरी आणा."

"दुसरा नाहीच, पंत. म्हणून तर हा दुर्मिळ!"

पंतांनी मोठी चोच हलवली. "बाई, दुसरा नाही म्हणजे जातच नाही. आणि जात नाही, तर दुर्मिळ कुणाला म्हणायचं? उद्या कुणी म्हणेल, काचेत शेवाळ अडकलंय. मी काय उत्तर देऊ?"

"तुमच्याकडे होता ना एक नमुना?"

"होता," पंत रानडुकराकडे न बघता म्हणाले. "गेल्या आठवड्यात माझ्याकडे पाहुणे आले होते."

रानडुक्कर आपल्या हाताकडे पाहू लागलं.

पंतांनी घसा साफ करून निकाल दिला : "अनोळखी हिरवट तुकडा. किंमत करता येत नाही."

महाराजांनी शेपटी हलवली. शिपायांनी सगुणाबाईला उठवलं आणि पुन्हा गव्यांच्या मागे नेऊन बसवलं. ती थोडा वेळ बसली. मग शेपट्यांमधून वाट काढत बाहेर पडली आणि डोंगराकडे चालू लागली.

पाणमांजरं चालण्यासाठी जन्मलेली नसतात. ओढ्यावर पोहोचली तेव्हा तिचे पंजे सोलवटले होते. ओढा अगदीच बेताचा. त्यातले गोटे काळे, आतून काळे, बाहेरून काळे. पोरं दोन गोटे घेऊन भांडत होती. शिदोबा काठावर बसून एक शिंपला उघडायची खटपट करत होता. तो उघडत नव्हता.

शिदोबानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहून तो फक्त सरकला आणि त्यानं तिला जागा करून दिली.

"हातात काय आहे?" थोड्या वेळानं तो म्हणाला.

"काही नाही. अनोळखी हिरवट तुकडा."

"आण इकडे."

त्यानं चकतीची कड शिंपल्याच्या फटीत घातली आणि पिळली. टक् आवाज झाला. शिंपला उघडला. चकतीचा डोंगर मात्र उडून पाण्यात पडला.

"कडेला धार बरी आहे," शिदोबा म्हणाला आणि शिंपला तिच्यापुढे धरला.

सगुणाबाईनं तो खाल्ला. मग म्हणाली, "अजून एक उघडा."

तात्पर्य : मुलांनो, शेजाऱ्याचा दगड जरूर फोडावा, त्याशिवाय आपल्या दगडाला मान मिळत नाही. पण सगळे फोडू नयेत. आपण दुर्मिळ आहोत हे पारख्याला पटावं म्हणून आपल्यासारखा आणखी एक जण जगात राहू द्यावा. तो थोडा टवके उडालेला असला, तर फारच उत्तम.