विहीणबाईंच्या वाटीत लिंबू

लिंबू पिळायचं मी ठरवलं ते अगदी सहज. तेही अर्धंच. (बरं, अख्खं. तुमच्यापासून काय लपवायचं.)

झालं काय, सूनबाई महिन्याभरात परत कामावर जाणार होती आणि दिवसा ठमीला सांभाळायचं कोणी ते ठरेना. ठमी म्हणजे माझी नात, अजून वर्षाचीसुद्धा नाही. एकीकडे मी, सख्खी आजी. दुसरीकडे सुनेची आई, तीही म्हणे सख्खी. सून म्हणाली, जिच्या हातून ठमी नीट जेवेल तिच्याकडे ती राहील. म्हणून विहीणबाई आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या, इस्त्रीच्या घडीसकट.

माझ्या हातून ठमी जेवायची म्हणजे मी चमचा घेऊन पुढे आणि ती रांगत पलंगाखाली. तिच्यासाठी मी मांजर झाले, आगगाडी झाले, एकदा तर पलंगाखालीच अडकले. ह्यांनी पाय धरून बाहेर ओढलं. एवढं करून पालक माझ्या चष्म्यावर.

आणि विहीणबाई? नुसत्या खुर्चीत बसायच्या. एक वाटी ठमीपुढे, तसलीच एक स्वतःपुढे. पोरीकडे बघायच्यासुद्धा नाहीत, आपलं आपलं खायच्या. आणि ही कार्टी त्यांच्या तोंडाकडे बघत बघत गाजर म्हणू नका, भोपळा म्हणू नका, सगळं मटामटा गिळायची. तिनं तोंड फिरवलं की वाटी उचलायची, आग्रह नाही न् काही नाही. सून कौतुकानं बघायची, मुलगा बघायचा. आमचे हेसुद्धा म्हणाले, किती शांतपणे भरवतात नाही. त्या दिवशी ह्यांच्या चहात साखर पडली नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

तर भोपळा उकडून, कुस्करून ओट्यावर ठेवलेला. विहीणबाई हात धुवायला गेल्या आणि मी पिळलं लिंबू. म्हटलं, पोरगी थुंकेल, भोकाड पसरेल, मग कळेल सुनेला. आणि दारात भाजी निवडत बसले. तिथून सगळं छान दिसतं.

विहीणबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि गिळला की हो. वर हसल्या. ते बघून ठमीनं आपला घास घेतला. तिचं नाक, डोळे, कपाळ सगळं एका जागी गोळा झालं, अंग शहारलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवणार, तोच कार्टी खदाखदा हसली आणि वाटीत हात घालून आणखी खायला लागली. चाटूनपुसून साफ.

सून धावत आली. "मम्मी, काय घातलंस गं यात?"

मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

"मी कुठलं," विहीणबाई म्हणाल्या. "लिंबू तुझ्या सासूबाईंचं. मुलांना लहानपणीच सगळ्या चवींची ओळख व्हावी म्हणतात त्या. आंबट झालं, मग कडू. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं बाई. ठमीला त्यांच्याकडेच ठेव."

सून माझ्याकडे बघतच राहिली. आई, तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय बोलायचं. जिंकले होते ना मी.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत मी. ठमीपुढे भोपळा ठेवला तर तिनं तोंड फिरवलं. लिंबू पिळून आणला तरी वाटीला हात लावेना, माझ्या तोंडाकडे टक लावून बसली.

"आधी तुम्ही खा, विहीणबाई," मागून आवाज आला. "आणि तोंड वाकडं करू नका हं. पोर बघतंय."

आता त्या त्यांच्या घरी आहेत. रोज जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल येतो, ठमीला बघायला म्हणे. बघतात मला. त्या तिकडे चहात बिस्कीट बुडवतात, मी इकडे हसत हसत आंबट भोपळा गिळते. ठमीला नवे दात येतायत, माझे उरलेले सगळे आंबलेत.

काल फोन ठेवता ठेवता प्रेमानं विचारत होत्या, "मग, कडू कधीपासून?"