घुबडाची बाजू

आमच्या लालबागच्या चाळीत पालीवर झाडू उगारण्याआधी इकडेतिकडे बघून घ्यावं लागतं. जाधवकाका आसपास असले तर मागून शांत आवाज येतो, "तिची बाजू ऐकून घेतलीत का?" पालीची बाजू ऐकायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण तोवर पाल निघून जाते, आणि काकांच्या मते तीच तिची बाजू.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकून माणूस कंटाळतो, यांची हौस वाढली. त्यांची बायको, सुनंदाकाकू, वारल्यावर त्यांनी मंडळाची रिकामी खोली मागून घेतली आणि दर शनिवारी सभा सुरू केली. विषय एकच, चाळीतले प्राणी: वटवाघळं, घारी, पत्र्यावरून जाणारं उदमांजर. खुर्च्या गोलात, कारण पुढची रांग केली की मागची रांग घरी जाते, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात "जयभीम, नमस्कार, आणि लॉरेन्स, गुड इव्हिनिंग" अशी. पहिलं बोलायचा मान विरोधकाला. अडचण एवढीच, की विरोधक यायचाच नाही. मी भिडेखातर जायचो, शेजारचा लॉरेन्स चहासाठी, आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ पंख्याखाली पेपर वाचायला.

यंदा विरोधक मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या परबाच्या छपरात गव्हाणी घुबडाने पिल्लं काढली. परबाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. घुबड तिलाच न्यायला आलंय असं परबाने ठरवलं आणि छपराचं भोक सिमेंटने बुजवायला गवंडी सांगितला. पिल्लं आतच राहिली असती. काका समजवायला गेले, सभेत येऊन बोल म्हणाले. परबाने दार लावून घेतलं.

तेव्हा काकांनी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'दुसऱ्या मजल्यावरील घुबड. सायंकाळी सात वाजता सर्वांनी मंडळाच्या खोलीत जमावे.' आता आमच्या चाळीत त्या फळ्यावर फक्त मयताची बातमी लागते. तो कोणी वाचत नाही. काहीतरी लिहिलेलं दिसलं की माणसं पांढरे कपडे शोधायला लागतात. 'दुसरा मजला' एवढंच वर पोचलं. माझ्या बायकोने कढईतले बांगडे अर्धे कच्चे उतरवले, लॉरेन्स फुलं घेऊन आला, मंडळाच्या पोरांनी बांबूची चौकशी करून ठेवली. सात वाजता खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोण गेलं ते बघायला परबही आला होता.

खरा प्रकार कळल्यावर लोक भडकले, पण गोलात बसल्यावर मधूनच उठून जाणं अवघड असतं. काकांनी परबाला आधी बोलू दिलं. तो भरपूर बोलला, शेवटी रडवेला झाला. म्हणाला, "आई गेली तर मी कोणाकडे बघू?" कोणी हसलं नाही. काकांनी हळूच विचारलं, "आईंची बाजू ऐकलीस का?"

परब घराकडे निघाला. मग सगळी सभाच उठून त्याच्या दारात गेली. एवढी पांढरी गर्दी बघून म्हातारी घाबरली. "कोण गेला रे?" तिने विचारलं. परबाने घुबडाचं सांगितलं.

"माका त्याचो काय एक त्रास नाय," म्हातारी म्हणाली. "ता ओरडला की वाटता, आपल्यासारखा आणखी कोणतरी जागा आसा. रवांदे त्याका थंयच."

परबाने तिथल्या तिथे गवंड्याला फोन लावला आणि पिल्लं उडेपर्यंत येऊ नकोस म्हणून सांगितलं.

नंतर खुर्च्या रचताना मी काकांना छेडलं, फळ्यावर मुद्दाम लिहिलंत ना? मला वाटलं, डोळे मिचकावतील. पण ते खुर्ची हातात धरून उभे राहिले.

"सुनंदा गेली तेव्हा त्या फळ्यावर तिचं नाव लिहिलं होतं," ते म्हणाले. "अख्खी चाळ माझ्या घरी आली होती. त्यानंतर कोण आलंय, सांग."

मी दोन दारं पलीकडे राहतो आणि मीही सभेलाच जायचो, घरी कधी गेलो नव्हतो. मला फार वाईट वाटलं. काकांनी ती खुर्ची रचलीच नाही. काखेत मारली आणि परबाच्या दाराकडे निघाले. आत म्हातारी जागीच होती.