दोन इंच दादाचे

मी ठरवलं होतं ते एवढंच, की टोप्यांचं माप वहिनीला विचारायचं नाही. बाकी जे घडलं ते आपोआप घडलं. (आमच्या घरात आपोआप घडणाऱ्या गोष्टी बहुतेक माझ्याच हातून घडतात.)

दादा शिंपी होता. ‘होता’ लिहिताना हात अडतो, म्हणून पटकन लिहून पुढे जातो. मापं घेणं, कापणं, शिवणं सगळं त्याचं. मी काजं-बटणं करायचो, इस्त्री फिरवायचो आणि कपडे पोचवायचो. सातवीत शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो, तेव्हापासून मी त्याच्याच दुकानात. शेवटी शेवटी त्याने बिस्किटाच्या कारखान्याची ऑर्डर घेतली होती. पिठात केस पडू नयेत म्हणून चारशे कामगारांना पांढऱ्या टोप्या. सगळ्या एकाच मापाच्या, मागे नाडी. डोकं इंचभर लहानमोठं असलं तर नाडीने सांभाळून घ्यायचं. कापड येऊन पडलं. माप काय धरायचं ते दादाने कुणाला सांगितलं नाही, आणि एका सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून तो गेला. अर्धा कप टाकणारा माणूस नव्हता तो. मला अजून राग येतो.

वहिनी त्यानंतर दुकानाची पायरी चढली नव्हती. महिनाअखेर किल्ली मालकाला परत देऊन टाकू, असं तिने भाजी चिरता चिरता सांगितलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चारशे डोक्यांवर टोप्या नीट बसवून दाखवतो, मग बघू किल्ली कशी जाते. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, राहू द्या भाऊजी. म्हणून विचारलं नाही.

कारखान्याचा सुपरवायझर भला माणूस, पण घड्याळाचा गुलाम. चारशे डोकी मोजत बसलात तर भट्ट्या थंड होतील, चहाच्या सुट्टीत होतील तेवढी मोजा, म्हणाला. मी तोंड पाडून घरी आलो. चिऊने, म्हणजे माझ्या पुतणीने, कारण विचारलं. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. चारशेची सरासरी काढायला चारशे मोजावी लागत नाहीत, असं ती म्हणाली, तेव्हा मला वाटलं बापाच्या दुःखाने पोरीचा तोल गेला.

“काका, शितावरून भाताची परीक्षा करतातच की,” ती म्हणाली. “फक्त शितं कुठली उचलायची ते तू ठरवायचं नाहीस.”

हे का, ते मला कळेना. पॅकिंगमध्ये माझे दोन मित्र आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करणं मला रास्त वाटत होतं. चिऊने साफ नाही म्हटलं. ओळखीची डोकी नकोत, आवडती डोकी नकोत. दारातून बाहेर येणारा दर दहावा माणूस धरायचा, मग तो कुणीही असो.

मी दादाची टेप गळ्यात अडकवून दारात उभा राहिलो. दहावी आली ती भट्टीवरची एक बाई, अंबाड्यासकट. अंबाडा मोजायचा की नाही यावर आमचं भांडण झालं आणि तिने तो सोडून दाखवला. पुढचा ड्रायव्हर. त्याचं डोकं बघून टेप पुरेल का अशी शंका आली. मग एक बारीकसा पोरगेला इलेक्ट्रिशियन, ज्याचं डोकं मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा तो हसत होता. काही डोकी छोटी, काही ढब्बू. घरी येऊन चिऊने बेरीज केली, भागाकार केला. सरासरी आली चोवीस इंचांच्या जराशी वर.

दुसऱ्या दिवशी वेगळी माणसं, वेगळी डोकी. सरासरी चोवीसच्या जराशी खाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

खरं सांगतो, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एकेक डोकं वाटेल तसं उड्या मारतं आणि त्यांची मूठ बांधली की आकडा मांजरासारखा फिरून त्याच उंबऱ्यावर येऊन बसतो, हे काय गौडबंगाल आहे? सातवीपर्यंत मला हे कुणी सांगितलं असतं तर मी आठवीत गेलो असतो. (निदान विचार केला असता.) चिऊ म्हणाली, मोठं डोकं लहान डोक्याची चूक भरून काढतं; जितकी जास्त मोजशील तितकं सरासरीचं हेलकावणं कमी.

हे तिने मला सांगायला नको होतं. मला नादच लागला. कारखाना पुरेना, तेव्हा न्हाव्याचं डोकं मोजलं, त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं मोजलं, शेजारणीच्या सासूबाईंचं मोजलं. पोस्टमन म्हणाला, चोवीस कसं येईल, माझी टोपी तर बावीसची आहे. मी त्याला समजावलं, की तुमची टोपी चुकीची शिवली आहे. तो बिचारा टोपी काढून बराच वेळ बघत उभा राहिला. आकडा आता हलायचं नाव घेईना. चोवीस म्हणजे चोवीस.

तरी चिऊने बजावलं, आधी एकच शिव आणि घालून बघ. मी टेबलावरच्या लाकडी पट्टीने चोवीस इंच कापड मापून कापलं, टोपी शिवली, घातली. कानावर अशी बसली, जशी टोपी नाही, केस आहेत. आरशात बघून ऊर भरून आला. शाळेत मी कधी सरासरीच्या जवळपासही फिरकलो नव्हतो. आता तंतोतंत सरासरी! त्याच जोरावर चारशे शिवल्या.

कारखान्यात वाटप झालं आणि एकदम शांतता पसरली, कारण कुणालाच काही दिसत नव्हतं. टोप्या नाकापर्यंत आल्या होत्या. नाड्या आवळून आवळून संपल्या. भट्टीवरची बाई चाचपडत ड्रायव्हरला आदळली. त्याची तेवढी भुवयांवर थांबली होती. सुपरवायझर आपली टोपी वर ढकलून म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो.

गाठोडं घेऊन मी दुकानात आलो आणि दादाच्या स्टुलावर बसलो. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं. चिऊने न विचारता आईला बोलावून आणलं.

वहिनी दारात थबकली. मग आत आली, माझ्या गळ्यातली टेप काढली आणि टेबलावर सरळ केली.

“भाऊजी, ही कुठून सुरू होते ते कधी पाहिलंत?”

मी वाकलो. टोकाला दादाने कापडाची पट्टी शिवली होती, तिच्यानंतर पहिला आकडा तीन. शून्य, एक, दोन गायब.

“टोक झिजलं, तेव्हा त्यांनीच कापलं,” वहिनी म्हणाली. “नवी घ्या म्हटलं तर म्हणायचे, हाताला हिची सवय आहे. दोन वजा करूनच आकडा बोलायचे. तुम्ही आकडा ऐकलात, वजाबाकी कुठून ऐकणार?”

चिऊने कपाळ धरलं. माणसं बरोबर निवडली होती, भागाकार बरोबर होता. साऱ्या गावाची डोकी मोजली असती तरी चूक तेवढीच राहिली असती, फक्त माझा विश्वास वाढला असता. वहिनी काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात मी डोक्यावरची टोपी काढायची विसरलोय हे तिला दिसलं. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना, हसणंही थांबेना. तिच्यापाठोपाठ मीही रडलो. मग पदराने तोंड पुसून ती मशीनवर बसली. सगळ्या टोप्या सारख्याच चुकल्यात हे बरं झालं, म्हणाली; मागची शिवण उसवायची आणि दोन इंच आत घ्यायचे.

मी उसवत गेलो, ती शिवत गेली. दुसऱ्या दिवशी टोप्या डोक्यांवर बसल्या. सुपरवायझरने ॲप्रनचं विचारलं. किल्ली वहिनीने कमरेला खोचली.

चिऊने नवी टेप आणली. दादाची मी खिळ्यावर टांगून ठेवली आहे. नव्या टेपने पहिलं माप घेतलं माझ्या डोक्याचं, कारण एक शंका मला झोपू देत नव्हती: टोपी चुकीची होती तर मला कशी बसली? चोवीस भरलं. खरंखुरं चोवीस.

“म्हणजे मी सरासरी नाही?” मी विचारलं.

“नाही काका. असं एखादंच डोकं असतं,” चिऊ म्हणाली. “सरासरी बिघडू नये म्हणून ते आधी बाजूला बसवतात.”

दादा मला काजं-बटणांवर का बसवायचा, ते तेव्हा कळलं.