केतकी कोल्हीण आणि ऑबर्न रंग

एका जंगलात, बाळांनो, कोल्ह्यांची लग्नं बायोडाटा बघून ठरत. तिथं पारूबाई कोल्हीण आणि तिची लेक केतकी राहायच्या. केतकी गुणाची पोर, पण रंगानं तांबडी. आणि मेल्या कोल्ह्यांना सुना हव्यात राखाडी! तीन स्थळं आली, उंदराचे पोहे चापून गेली आणि "मुलगी तांबडी हो" म्हणून फिरली. पारूबाईचा जीव टांगणीला लागला.

शेवटी तिनं साळूमावशीला गाठलं. ही साळुंकी शहरातल्या ब्युटी पार्लरच्या खिडकीत चार महिने राहून आलेली. तिनं बायोडाट्यातलं 'तांबडी' खोडलं आणि लिहिलं, 'ऑबर्न'.

"म्हणजे काय गं?" पारूबाईनं विचारलं.

"तांबूस तपकिरी. इंग्रजीत केसांना म्हणतात."

"अगं, म्हणजे तांबडीच की!"

"छे! वीट तांबडी असते. मडमेचे केस ऑबर्न असतात."

आठ दिवसांत स्थळ हजर! डोंगरापलीकडचे धोंडोपंत कोल्हे, त्यांची बायको आणि मुलगा मुरारी.

केतकी पोहे घेऊन उन्हात आली. धोंडोपंत दचकले. "मुलगी जरा तांब..."

बायकोनं चिमटा काढला. "अहो, ऑबर्न आहे ती! वाचलं नाही का?"

"हो हो, तेच म्हणतोय. आमची आत्यासुद्धा ऑबर्न होती. त्यातच गेली बिचारी."

मुरारीनं लाजत विचारलं, "तुम्ही ऑबर्न कधी झालात?"

"जन्मापासून आहे."

"बाप रे! इतक्या लहान वयात!"

मुरारी भोळा होता, आणि केतकीला तो फार आवडला. म्हणूनच तिला वाटलं, याच्याशी संसार खोट्यावर नको. पारूबाई डोळे वटारत होती, तरी ती बोललीच.

"ऑबर्न म्हणजे तांबूस, बरं का. मी आपली साधी तांबडीच आहे."

मुरारी हसला, पण धोंडोपंत ताडकन उठले आणि त्याचा कान धरून त्याला ओढत निघाले. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पारूबाई मागं धावली. "अहो, रंगाचं एवढं काय मनावर घेता!"

"रंगाचं कोण बोलतंय, पारूबाई? तांबडीसुद्धा करून घेतली असती. पण जिला अर्थ कळतो, ती सून आमच्या घरात कशी चालायची?"

तात्पर्य: बाळांनो, इंग्रजी शब्द खुशाल वापरावा. अर्थ विचारू नये. आणि चुकून कळलाच, तर अक्षता पडेपर्यंत तोंडातून काढू नये.