पाहुण्यांचं कुळ

पंचवटीतले आमचे शेजारी, तीर्थोपाध्ये दिगंबरकाका सरड्यालाही कुळ विचारायचे. पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योगच तो. यात्रेकरू दारात आला की गाव, आडनाव विचारायचं आणि वहीतून त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवायची. म्हणून देवळाली कॅम्पातलं एक फौजी कुटुंब बदलीच्या वेळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दोन हात लांब प्राणी त्यांच्या स्वाधीन करून गेलं, तेव्हा गल्ली “घोरपड! घोरपड!” ओरडत पळाली आणि काका भिंग घेऊन बसले.

“घोरपड नव्हे, तेगू,” त्यांनी मला जवळ बोलावून निकाल दिला. “डोळा आणि नाकपुडीच्या मधे मोठे खवले मोज. दोन ना? मग मूळ गाव अर्जेंटिना. एकच असता तर कोलंबियाकडचा. तापट मंडळी ती.”

“काका, बोट जाईल माझं!”

“कुळवंत आहेत ते. उगाच चावायचे नाहीत.”

त्याला ते ‘पाहुणे’ म्हणत, तेही अहो-जाहो करून. पाहुण्यांना सकाळचं ऊन, अंग बुडेल एवढं पाणी, पिकली पपई आणि उकडलेलं अंडं लागे. सोवळ्याच्या घरात अंडं! ते मी शेवग्याच्या शेंगांखाली लपवून आणायचो. काका नाकाला उपरणं लावून ते सोलायचे आणि दरवेळी बजावायचे, “मीठ नको हं. मीठ त्यांना विष.”

दुपारी परसातल्या प्राजक्ताखाली दोघं पडलेले असत. पाहुण्यांची जीभ हळूच हवेत फिरून परत जाई, लांब कुठेतरी घंटा वाजे, आणि काका डोळे मिटून पुटपुटत, “गाव आठवतंय त्यांना.” काकांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. हजारो घराण्यांच्या वह्या होत्या, पण त्यांच्या वंशाचं पान त्यांच्याच नावाशी थांबलं होतं.

त्या हिवाळ्यात मोतीबिंदूसाठी ते पंधरा दिवस पुण्याला भाचीकडे गेले. “पाहुणे निजलेत. पाणी भरून ठेव, बाकी काही करू नकोस,” म्हणाले. मला वाटलं, हे नेहमीचंच कौतुकाचं बोलणं.

आठव्या दिवशी मी पेटीतलं गवत बाजूला केलं. अंग दगडासारखं गार. नाकापाशी मिनिटभर बोट धरलं, श्वास नाही. मी घाबरलो. काकांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून प्राजक्ताखाली पुरलं, वर तुळशीपत्रही ठेवलं.

काका परतले, त्यांनी ऐकलं आणि हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी मटकन खाली बसले. “अरे, थंडीभर झोपतात ते. श्वास कधीतरी एखादाच.”

आम्ही हातांनी माती उकरली. उपरणं सापडलं, पाहुणे नव्हते. कुंपणाकडे जाणारं एक बीळ तेवढं दिसत होतं. ते त्यांचं की मुंगसाचं, मला आजही माहीत नाही.

“होळीनंतर उठतील,” काका म्हणाले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

होळी झाली. काका रोज संध्याकाळी बिळाशी सोललेलं अंडं ठेवू लागले. आठवडाभर ते तसंच राहिलं आणि काकांचं जेवण कमी होत गेलं. मग मी पहाटे गुपचूप जाऊन अंडं उचलू लागलो. कोपऱ्यावरच्या मांजरीला घालायचो.

“पाहुणे जेवले!” काका गल्लीभर सांगत. पुन्हा पोटभर जेवू लागले. मी मान डोलवायचो आणि ऑफिसात दिवसभर स्वतःचाच तिरस्कार करायचो.

चैत्र सरत आला होता. एका पहाटे मी अंडं उचललं आणि थबकलो. ते नीट मधोमध चिरलेलं होतं. दोन्ही फाकांवर मिरपूड होती. आणि मीठ.

मी तिथेच मातीत बसलो. आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं. सावकाश, दोन्ही फाका खाल्ल्या.

वरची खिडकी उघडली.

“चहा टाकलाय,” काका म्हणाले. “पाहुणे, वर या.”