जमिनीला न लागणारी सून

आमच्या बंदरवाडीत जो माणूस पॅराविंगवर एकदा पाण्याच्या वर उचलला जातो, तो पुन्हा जमिनीला लागत नाही.

पॅराविंग म्हणजे दोऱ्यांना टांगलेली पातळ चादर. ती हातातल्या दांडीनं धरायची. पायाखाली फळी असते, फळीखाली एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला पंख. दुपारचा खारा वारा चादरीत भरला की फळी हातभर वर येते, आणि माणूस पाण्याला न शिवता निघतो. चांगली लाट मिळाली की चादर चुरगळून कमरेच्या पट्ट्यात कोंबायची. मग वारा नको, इंजिन नको, लाटच पुढे नेते. इतर गावांत लोक हे करून परत जमिनीवर चालतात असं ऐकतो. आमच्याकडे फळी सोडून किनाऱ्यावर येतात तेव्हाही हातभर वरच असतात, आणि तसेच घरी जातात.

मी इथला ग्रामसेवक. पहिल्या वर्षी असे तिघे होते, आज एकशे चौदा आहेत. त्यात मासे विकणाऱ्या नऊ बाया आहेत आणि मंदिराचा गुरवही आहे. ग्रामसभेनं दारांच्या चौकटी वाढवायला परवानगी दिली आणि 'जमिनीला न लागणाऱ्या रहिवाशांना सर्व हक्क समान' असा ठराव केला. तो मीच लिहिला. त्यात काही राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग जितू खवणेकरचं मृणाली तारीशी लग्न झालं. दोघं फळीवरच भेटलेली, म्हणजे दोघंही वरची. दुपारी चारला वरात दारात आली. उंबऱ्यावर जितूच्या आईनं, रतनकाकीनं, तांदळानं भरलेलं पितळी माप ठेवलं होतं. सुनेनं उजव्या पायाच्या अंगठ्यानं ते आत लवंडायचं आणि घरात यायचं. मृणालीचा अंगठा मापाच्या वरून गेला. तिनं पाय ताणला, बोटं ताणली. चार बोटं अंतर राहिलं.

नवऱ्याला कोणी अडवलं नाही. त्याला काही लवंडायचं नव्हतं.

"आये, स्टुलार ठेव मगे," जितू म्हणाला.

"स्टूल बाजारातसून इला," रतनकाकी म्हणाली. "उंबरो घराचो आसा. माप जमनीरच ऱ्हवतलां."

मी पुढे होऊन ठराव वाचून दाखवला.

"तुझो ठराव तुझ्या कपाटात ठेव, भाऊ," काकी म्हणाली.

वरातीतल्या खलाशांना जे सुचायचं तेच सुचलं. त्यांनी होडीचा नांगर आणला आणि तिच्या शालूवरून कमरेला बांधला. नांगर उचलायला चार माणसं लागली. सोडल्यावर दोर ताठ झाला, नांगर लोंबत राहिला, आणि नवरी होती तिथेच राहिली. "आणखी एक बांधा," ती म्हणाली. दुसराही बांधला. ती ओठ दाबून उभी होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं. मग भटजींनीच दोर सोडायला सांगितलं.

"आये," मृणाली म्हणाली, "माका खाली येवक गावणा नाय. पण तुमी 'ये' म्हटल्याशिवाय मी भुतूर जावचंय नाय."

रतनकाकी दारातच बसली. "जितू वर गेलो, मी काय बोललंय नाय. आता ही पण वर. माका लेकीसारख्यां एक चेडू होयां होतां, माझ्या बाजूक जमनीर बसणारां. तुमी दोघांव वर, आणि मी एकटीच खाली ऱ्हवतलंय."

यावर ठराव नव्हता. वाजंत्रीवाल्यांनी सनया मांडीवर ठेवल्या. काकीनं डोळे पुसले आणि माड कसे हलताहेत ते पाहून वारा जोखला.

"जितग्या, तुझी चादर खंय आसा?"

एकसष्ट वर्षांची बाई लुगड्याचा काचा मारून खाडीत उतरली. अख्खी वरात किनाऱ्यावर उभी राहिली. शिकायला इतरांना महिना लागतो. पण तिनं नवऱ्याबरोबर वीस वर्षं शिडाची होडी हाकली होती, वारा कुठून येणार ते तिला मानेला कळायचं. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली, तेव्हा जितूनं हाका मारल्या. तिनं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा चादर भरली, फळीखालचं पाणी सुटलं, आणि पाण्याचा आवाज थांबला. नुसता थांबला. ती खाडीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे भरतीची लाट मिळाली तशी तिनं चादर चुरगळून निऱ्यांत खोचली आणि दोन्ही हात मोकळे सोडून परत आली. मी चौतीस वर्षं नोकरी केली आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

ती वाळूवरून हातभर वरून चालत घरी आली. ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं, ते खाली जमिनीवर पडत होतं. दारात मृणाली तशीच थांबली होती. पहिल्यांदाच दोघी समोरासमोर, एका उंचीवर आल्या. काकीनं वाकून माप उचललं, उंबऱ्याच्या बरोबर वर, आपल्या पावलांच्या पातळीला हवेत ठेवलं, आणि हात काढून घेतले.

माप राहिलं.

"ये गो," काकी म्हणाली. "उजव्या पायान."

मृणालीनं अंगठा लावला. तांदूळ माजघरभर पसरले, जमिनीपासून हातभर वर. खालच्या सारवणावर एक दाणा पडला नाही. काकीनं सुनेचा हात धरला आणि दोघी त्या तांदळावरून पावलं टाकत आत गेल्या.