ताट वाचणारे दत्तूकाका

दत्तूकाका मुळ्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं ताट वाचलं. विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते आणि गणपतीतल्या महाप्रसादाला ताट हातात धरून कोपऱ्यात उभी होते. पांढराशुभ्र सदरा घातलेले एक किडकिडीत गृहस्थ जवळ आले, माझ्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता ताटाकडे टक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "डावीकडची दाढ दुखतेय. आणि घरी एकट्याच जेवता."

दाढ खरंच दुखत होती. दुसरं कशावरून ओळखलंत, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. तर म्हणाले, "सगळं एकदम वाढून घेतलंत. मागून वाढणारं कुणी असलं की माणूस थोडं थोडं घेतो." एवढं बोलून ते पुढच्या ताटाकडे गेले. मला राग आला, आणि गोष्ट खरी होती म्हणून जरा जास्तच आला.

मग कळलं की काका पस्तीस वर्षं पेठेतल्या एका मंगल कार्यालयात मुख्य वाढपी होते. आचारी कितीही नामांकित असो, पंगत काकांच्या नजरेखाली चाले. कुणाला काय हवं ते त्याने मागायच्या आत त्याच्या ताटात पडलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. मागावं लागलं तर ते वाढणं नव्हेच, असं ते अजूनही म्हणतात. आणि वाढप्याने जेवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, ताट बघायचं, हे दुसरं. "तोंडाने 'पुरे, पुरे' म्हणतात हो. भाताला आमटीसाठी आळं करून ठेवलेलं असतं." पुढे लग्नांमध्ये बुफे आला आणि काकांनी काम सोडलं. कारण विचारलं की एकच वाक्य: "बुफे आला, मी गेलो."

गेले म्हणजे कार्यालयातून गेले, वाढण्यातून नाही. सोसायटीत कुणाकडे वाढदिवस असला की काका पाहुण्यांच्या पाठीमागे फिरून त्यांची ताटं दुरुस्त करतात. चटणी उजवीकडे घेणाऱ्या माणसाला ते काही बोलत नाहीत, पण तिथून हलतही नाहीत. शेवटी तो बिचारा चटणी डावीकडे सरकवतो. एकदा हडपसरच्या एका हॉटेलात मी त्यांना घेऊन गेले, तर शेजारच्या टेबलावर पोरंसोरं भातासाठी ताटकळलेली बघून हे उठले, वेटरच्या हातातलं भांडं घेतलं आणि सगळ्यांना भात वाढून आले. त्या टेबलावरच्या बाईंनी नंतर त्यांच्याकडेच बिल मागितलं. काकांनी ते आणूनही दिलं.

मंदाकाकू या सगळ्याकडे बघून नुसत्या हसत. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन मुळ्यांच्या घरात आल्या, तिथे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नसे. त्याला अडतीस वर्षं झाली. काकू कमी बोलतात, पण बोलल्या की दोन शब्दांत काम होतं. काकांना घरात गप्प करायचं असलं की त्या फक्त "अहो" म्हणतात.

गेल्या वर्षी काकूंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. सगळं मातीसारखं लागतं, म्हणायच्या. स्वयंपाक करायच्या, काकांना वाढायच्या आणि स्वतः ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणायच्या. चार महिन्यांत ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले, त्यात काहीच नव्हतं. जेवण गेलं पाहिजे, म्हणाले, नाहीतर पुढच्या वेळी ॲडमिट करून घेईन.

तेव्हापासून काकांनी जी मोहीम काढली, तिची ड्रायव्हर मी. दर रविवारी आम्ही तिघं कुठल्यातरी हॉटेलात. इडली झाली, थालीपीठ झालं, चायनीज झालं, हिंजवडीत माझ्या ऑफिसच्या पोरांनी सांगितलेला पिझ्झा झाला. काका आत शिरले की थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. फोडणीत काय, पीठ कधी भिजवलं, पाणी कुठलं, सगळं विचारणार. आचारी आधी वैतागायचे आणि मग बोलायला लागायचे, कारण इतक्या बारकाईने त्यांना दुसऱ्या कुणी कधी विचारलेलं नसायचं. काकू एक तुकडा तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे हो." काका माझ्या कानाशी येऊन सांगायचे, "छान म्हणाली. म्हणजे वाया गेलं."

मला खरं तर या रविवारांची गंमत वाटायला लागली होती. पुण्यात इतकी वर्षं राहून मी एवढ्या स्वयंपाकघरांच्या दाराशी कधी गेले नव्हते. पण काकूंचं मनगट दर आठवड्याला बारीक होत होतं, आणि गाडीच्या आरशात ते दिसायचं.

अशातच कंपनीने मला दहा वर्षं टिकून राहिल्याबद्दल बक्षीस दिलं: गोव्याला किनाऱ्यावरच्या एका भारी हॉटेलात दोन रात्री, आणि तिथल्याच जपानी रेस्टॉरंटमध्ये कुटुंबासह एक जेवण. माझ्याकडे कुटुंब नव्हतं. मी समोरचं मुळ्यांचं दार वाजवलं. 'हवापालट' या एका शब्दावर काकूंना तयार केलं. काकांना तयार करायची गरज नव्हती, जपानी माणूस कसा वाढतो हे त्यांना बघायचंच होतं. जपानी म्हणजे मासे असणार, हे मी आधीच सांगितलं. काका क्षणभर थांबले, मग म्हणाले, "आपल्यापुरतं शाकाहारी सांग." मी तसं कळवलं.

दुपारचं जेवण होतं. काचेपलीकडे समुद्र, आत थंडगार शांतता. टेबलं नव्हतीच. एक लांब लाकडी फळी, अलीकडे आम्ही आणि पलीकडे प्रत्यक्ष शेफ. तो जपानी नव्हता, मणिपूरचा होता. जपानी गुरूच्या हाताखाली बारा वर्षं शिकलेला. काका पहिल्या मिनिटात खूश झाले. करणारा तोच, वाढणारा तोच, आणि तोसुद्धा समोर उभा. तिथल्या मुलीने पद्धत समजावली: शेफ एकेक घास करून पुढ्यात ठेवील, तो हाताने उचलून लगेच खायचा. काकांनी मान डोलावली.

शेफने भात हातात घेऊन दाबला, त्यावर काकडीची नाजूक चकती बसवली आणि तिघांपुढे एकेक घास ठेवला. मी हात पुढे केला. काकांनी तो अडवला.

"थांब. सगळं वाढून होऊ दे."

शेफ आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने दुसरा घास ठेवला. मग तिसरा. पाच झाले. काकांनी दरम्यान आलं आणि हिरवा तिखट गोळा डावीकडे चटणीच्या जागी सरकवला, घास उजवीकडे ओळीत लावले आणि मधली जागा भातासाठी मोकळी ठेवली. माझंही तसंच करून दिलं. शेफचे हात थांबले. काही चुकलं का, असं त्याने हळूच हिंदीत विचारलं.

काकांनी आपल्या हिंदीत त्याला पंगतीचा नियम सांगितला. पान पूर्ण वाढून होईपर्यंत कुणी हात लावत नाही. शेफने तितक्याच अदबीने त्याचा नियम सांगितला. त्याच्याकडे पान नसतंच, एक घास हेच पूर्ण जेवण. भात हाताइतका कोमट असतो तोवर खायचा, थांबलं की घास मेला. दोघं एकमेकांचं मन लावून ऐकत होते आणि दोघांपैकी कुणीच हटत नव्हतं. शेवटी काकांनी विचारलं, एक जण खातो तेव्हा बाकीचे काय करतात? शेफ म्हणाला, त्याच्याकडे बघतात. काकांनी पुढ्यातल्या पाच घासांकडे बघितलं. मग त्यांनी एक घास उचलून खाल्ला आणि मला म्हणाले, "भाताला तालीम आहे याच्या."

काकूंनी काकडीचा घास अर्धा खाल्ला. उरलेला खाली ठेवला.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या.

काकांनी माझ्या कानाशी यायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. त्यांनी तो अर्धा घास बघितला आणि समोरच्या फळीवर नजर लावून बसले. मलाही एकदम थकल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊनही तेच.

फळीच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण जोडपं मासे खात होतं. शेफने त्यांच्यासाठी एक मासा काढला. निळसर पाठीचा, पोटाला चंदेरी. त्याने सुरी तिरकी धरून त्याचे काप केले. काकू वाकून ते बघत होत्या. दुसऱ्याच्या पानात डोकावणं काकूंच्या स्वभावात नाही, पण आज त्या बघत होत्या आणि आपण बघतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

काका उठले. खुर्ची मागे सरकवून काकूंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, वाढपी उभे राहतात तसे.

"यांना ते वाढा," ते शेफला म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय," काकू म्हणाल्या.

"वाढा."

शेफने माझ्याकडे बघितलं, कारण शाकाहारी असं मीच कळवलं होतं. मी मान डोलावली. त्याने भाताचा घास केला, वर तो निळसर काप बसवला आणि काकूंपुढे ठेवला.

"बांगडा आहे," काकूंनी मला सांगितलं. आवाज एकदम हळू झाला होता. त्यांनी तो उचलला, अख्खा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिल्या. मी काकांकडे बघितलं, तर ते पुढे वाकून काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

"कच्चा नाहीये," काकू म्हणाल्या. "मिठात मुरवलाय, वर आंबट लावलंय. आमच्याकडे आमसूल लावतात." मग शेफकडे वळून त्यांनी एक बोट वर केलं. आणखी एक.

त्यांनी चार खाल्ले. नंतर त्या आधीच्या काकडीचा उरलेला अर्धासुद्धा खाल्ला. काका शेवटपर्यंत बसले नाहीत. तिथली मुलगी दोनदा येऊन बसा म्हणाली, तेव्हा मीच तिला खुणेने नको म्हटलं.

जेवण झाल्यावर काकू पाण्यात पाय बुडवायला गेल्या. काका आणि मी चपला काढून नारळाखालच्या बाकावर बसलो. आता हा माणूस खूश होऊन त्या शेफचं कौतुक करील, असं मला वाटलं होतं. ते एकदम पडलेल्या आवाजात म्हणाले, "वैशू, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हिला काय हवंय ते. पहिल्या आठवड्यापासून. सगळं पुणं फिरवलं तुला, तेवढं एक सोडून."

घरातले नियम पाळायला आता घरात म्हातारं कुणी उरलं नव्हतं. काका स्वतः काही सोवळ्यातले नव्हते. मग मासे खायला का नेलं नाहीत, असं मी विचारलं.

"भीती वाटली," ते म्हणाले. "ते तिला गोड लागलं असतं, तर इतकी वर्षं ती माझ्या घरात उपाशी होती असं झालं असतं. हजारो लोकांना मी न मागता वाढलं. आणि हिला..." त्यांनी सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली. मला त्यांचा राग यायला हवा होता, काकूंचं ते मनगट मी बघितलं होतं. पण नाही आला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

काकू चपला हातात धरून, ओल्या पायांनी वर आल्या. काकांकडे बघून त्यांनी मला विचारलं की काय झालं यांना. मी काही म्हणायच्या आत काकांनीच सगळं सांगितलं. माझ्यादेखत, एकही शब्द न गाळता. उपाशी हा शब्दसुद्धा.

काकू बाकावर बसल्या. पायांची वाळू झटकली.

"उपाशी कशाला राहीन?" त्या म्हणाल्या. "चांगली पोटभर जेवत होते. आठवण यायची कधीकधी, एवढंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला न विचारता कळतं ना सगळं." काकूंनी हे रागाने म्हटलं नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "अहो, यापुढे ओळखत बसू नका. विचारत जा."

त्या दोघांच्या मध्ये मी बसले होते, ती उठून कडेला झाले. काकांनी घसा खाकरला. पस्तीस वर्षं ज्याला कमीपणा मानला ते करायची वेळ आली होती, आणि त्यांना ते नीट जमत नव्हतं.

"मंदा, संध्याकाळी काय जेवशील?"

काकूंनी समुद्राकडे बघत मनापासून विचार केला.

"वरणभात," त्या म्हणाल्या.

आणि काका तसेच अनवाणी हॉटेलच्या स्वयंपाकघराकडे निघाले.